शिवेपाशी थांबणारा माग

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ साली लिहिला. चोरीच्या मालाबद्दलचा एक रिवाज त्यात नोंदवलेला आहे. गावात चोरी झाली की गावच्या राखणदाराने पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला आणि तिथल्या राखणदाराची तशी खात्री पटली, की पहिल्याची जबाबदारी संपली. तिथून पुढे दुसऱ्याने चालायचं. असा माग गावोगाव सरकत जाई आणि ज्या गावात तो शेवटचा स्पष्ट दिसला, त्या गावावर भरपाई येई. भरपाईचा आग्रह दर वेळी धरला जात नसे, ही गोष्ट वेगळी. या रिवाजात राखणदाराची नजर किती तीक्ष्ण आहे हे कुणी विचारत नव्हतं. शीव आली की माग कुणी कुणाच्या हाती द्यायचा, एवढंच त्यात पक्कं ठरलेलं होतं.

सातारा-सांगलीच्या या भागात शिवांना तोटा कधीच नव्हता. साताऱ्यात छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य, सांगली-मिरजेत पटवर्धन, शिवाय औंध, फलटण आणि जत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. आता संस्थानं गेली, पण शिवा आहेतच. एमएच-११, एमएच-५० आणि एमएच-१० हे सातारा, कऱ्हाड आणि सांगलीचं पासिंग. पोलीस ठाण्यांच्या हद्दी. आणि जतच्या किंवा मिरजेच्या पलीकडे थेट दुसरं राज्य. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, म्हणजे कर्नाटक. चोरलेल्या मोटरसायकलला हे अंतर पार करायला डबा खाण्याइतकाही वेळ लागत नाही.

चोरीच्या गाड्या शोधण्याच्या तंत्रज्ञानांची तुलना करताना सहसा यंत्रं शेजारी शेजारी मांडली जातात: याची अचूकता किती, त्याची बॅटरी किती, वर्षाचा खर्च किती. ही माहिती लागतेच आणि पुढच्या पानांत ती येईल. पण सातारा-सांगलीच्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर प्रश्न थोडा बदलतो. प्रत्येक यंत्राचा माग कुठे ना कुठे थांबतो. तो कुठे थांबतो, आणि तिथून पुढे तो कुणाच्या हाती जातो, यावर गाडी परत मिळणं ठरतं.

आधी इथे चोरीला काय जातं ते पाहायला हवं. स्थानिक गुन्हे शाखेने कारवाई केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांतला मुद्देमाल बहुतेक वेळा दुचाक्यांचा असतो. एसटी स्टँडचं पार्किंग, सिव्हिल हॉस्पिटलचं आवार, आठवडी बाजार, मिरज जंक्शन, एमआयडीसीच्या गेटबाहेरची रांग. हँडल लॉक लाथेने तुटतं किंवा झिजलेली किल्ली दुसऱ्याच गाडीला लागते. मग ती गाडी ‘कागदपत्रं नंतर देतो’ या बोलीवर आडगावात पाच-दहा हजारांना विकली जाते, नाहीतर तिचे सुटे भाग होऊन भंगारात जातात. स्प्लेंडरसारखी गाडी चोराला आवडते ती तिच्या वेगासाठी नव्हे. तिचे सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी हातोहात खपतात आणि रस्त्यावर तशाच शेकडो गाड्या असल्याने ती कुणाच्या नजरेत भरत नाही. जगातलं बहुतेक शोध-तंत्रज्ञान मात्र महागड्या मोटारींसाठी जन्माला आलं. इथल्या तुलनेत हा फरक सतत आडवा येतो.

या तंत्रज्ञानांतलं सर्वांत हुशार कुठलं, असं कुणी विचारलं तर उत्तर जुनंच निघेल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्ड गावात पोलीस कमिशनर राहिलेल्या विल्यम रीगन यांनी ‘लोजॅक’ नावाची यंत्रणा उभी केली आणि १९८६ साली ती त्या राज्यात सुरू झाली. गाडीत एक छोटा रेडिओ संच लपवायचा. कुठे लपवला ते मालकालाही सांगायचं नाही. एरवी तो झोपलेला. गाडी चोरीला गेल्याची नोंद पोलिसांकडे झाली की मनोऱ्यावरून संदेश जाई, संच जागा होई आणि स्वतःची खूण प्रक्षेपित करू लागे. ती ऐकणारी उपकरणं पोलिसांच्या गाड्यांतच बसवलेली असत. सिग्नल कोणत्या दिशेने येतोय आणि किती जोराचा आहे, हे पाहत पोलीस थेट गाडीपाशी पोहोचत. त्यात उपग्रह नव्हता. बंद गॅरेजमधून आणि लोखंडी कंटेनरमधूनही हा सिग्नल बऱ्यापैकी बाहेर पडे.

इयन एअर्स आणि स्टीव्हन लेविट या दोघांनी १९९८ साली या यंत्रणेचा आर्थिक हिशेब मांडला. गाडीवर लोजॅकची कसलीही खूण नसते, त्यामुळे कोणत्या गाडीत तो आहे हे चोराला कळत नाही आणि सगळ्याच गाड्या त्याला धोक्याच्या वाटू लागतात. चोरलेल्या गाड्या तोडून सुटे भाग विकणारे अड्डेही याच मागावरून सापडत. निष्कर्ष असा, की यंत्र बसवणाऱ्या मालकाच्या पदरात एकूण फायद्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. उरलेला अख्ख्या शहराला मिळतो. उलट स्टिअरिंगवर दिसणारं लोखंडी कुलूप चोराला फक्त शेजारच्या गाडीकडे वळवतं. चोरीरोधक यंत्र विकत घेणाऱ्याला हे सहसा कुणी सांगत नाही. दुकानदाराने सांगायचं तरी कसं? ‘साहेब, तुमच्या पैशातून गल्लीचं भलं होईल’ म्हटल्यावर गिऱ्हाईक उठून जाईल.

लोजॅकमध्ये माग पोलिसांच्याच हातात जन्म घेतो, म्हणून शिवेचा प्रश्न उरत नाही. आपल्याकडे जे स्वस्तात मिळतं त्याचं उलट आहे. दीड-दोन हजारांपासून मिळणारा जीपीएस ट्रॅकर माग मालकाच्या मोबाईलवर आणून सोडतो. पुढे?

जीपीएसबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की उपग्रह गाडीवर नजर ठेवतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या त्या उपग्रहांना खालची गाडी दिसतच नाही. ते फक्त वेळेचे संकेत सोडत राहतात. गाडीतला संच ते ऐकून स्वतःची जागा स्वतः काढतो. ती जागा मालकाला कळवायचं काम त्याच संचातल्या मोबाईल सिमचं. म्हणजे ट्रॅकर दोन ठिकाणी आंधळा होतो: जिथे आकाश दिसत नाही आणि जिथे रेंज नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पहिली अडचण, कोयनेच्या फुगवट्याकाठी बामणोलीच्या अंगाला किंवा चांदोलीच्या बाजूला दुसरी. बरे ट्रॅकर रेंज नसताना जागा साठवून ठेवतात आणि नेटवर्क येताच पाठवतात, त्यामुळे गाडी कुठे होती ते कळतं, कुठे आहे ते उशिरा. सिमचं वार्षिक रिचार्ज संपलेला ट्रॅकर तर शोभेचाच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असे बरेच ट्रॅकर सीटखाली मुके पडून असतात.

दुचाकीत तो लपवायलाही जागा नाही. सीटखाली, हेडलाइटच्या आत, टाकीखाली. गॅरेजमध्ये सहा महिने काढलेल्या पोराला या तिन्ही जागा ठाऊक असतात. बॅटरीची वायर काढली की स्वस्त संच लगेच मरतो. ज्यात स्वतःची छोटी बॅटरी आहे तो काही तास तग धरतो आणि वायर तुटल्याचा इशाराही देतो. विकत घेताना याच एका गोष्टीसाठी चार पैसे जास्त मोजावेत. मोबाईलवरून इंजिन बंद करण्याची सोयही काही संचांत असते. धावत्या गाडीचं इंजिन घाटात बंद पडलं तर काय होईल हे सांगायला नको, म्हणून वेग पुरता उतरल्यावरच काम करणारा रिले निवडणं शहाणपणाचं. सिग्नल दाबणारे जॅमर खासगी माणसाने बाळगणं भारतात बेकायदा आहे, पण चोराला त्याची फिकीर असण्याचं कारण नाही.

आता समजा, सगळं जमलं. सांगलीत फिर्यादीची शाई वाळायच्या आत मोबाईलवरचा ठिपका कागवाडपलीकडे एका वस्तीवर स्थिर झाला. मालकाने स्वतः जाऊन गाडी आणायची नाही; तिथे चार माणसं असू शकतात आणि प्रकरण मारामारीवर जाऊ शकतं. तपास सांगलीच्या ठाण्याकडे, ठिपका कर्नाटकच्या हद्दीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी तो नोंदवून घेण्याला, म्हणजे ‘झिरो एफआयआर’ला, कायद्यात जागा दिली. ऑनलाइन दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही करायची मुभाही दिली. ही कागदोपत्री दुरुस्ती कोणत्याही नव्या चिपइतकीच महत्त्वाची आहे. ठिपका जिवंत असतो काही तास. त्या तासांत एका ठाण्याचा फोन दुसऱ्या ठाण्यात गेला, तर यंत्राचे पैसे वसूल.

प्रवासी वाहनांसाठी सरकारने वेगळी वाट काढली. दिल्लीतल्या २०१२ च्या बलात्कार प्रकरणानंतर सार्वजनिक वाहनांत जागा कळवणारा संच आणि धोक्याचं बटण असावं, असा विचार पुढे आला. त्यासाठीचं एआयएस-१४० हे मानक पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलं आणि १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक वाहनांना ते लागू झालं. स्वतःची राखीव बॅटरी, छेडछाडीचा इशारा, नियंत्रण कक्षाशी जोडणी, असं सगळं त्यात आहे. दुचाकी आणि रिक्षा त्यातून वगळलेल्या.

चावीच्या जुडग्यात लावायचे ब्लूटूथ टॅग ही आणखी नवी गोष्ट. ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये बाजारात आला आणि लोकांनी तो सायकलीत, मोटारीत लपवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २०२३ साली ब्राँक्समधल्या वाहनमालकांसाठी ५०० टॅग वाटायला काढले होते. यात सिम नाही, रिचार्ज नाही, बॅटरी वर्षभर पुरते. पण टॅग स्वतः काहीच कळवत नाही. जवळून जाणारा एखादा आयफोन त्याची चाहूल घेऊन परस्पर कळवतो. ब्राँक्समध्ये पावलागणिक आयफोन भेटतो. माण-खटावच्या माळावर वाट पाहावी लागेल. गुगलने २०२४ साली अँड्रॉइड फोनांचं असंच जाळं उघडलं, तेव्हा आपल्याकडचं गणित थोडं सुधारलं. यात एक गोम मात्र आहे. टॅग लपवून बायकांचा पाठलाग होऊ नये म्हणून अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर फोन इशारा देतो. तो इशारा चोराच्याही फोनवर जातो. इथे एकाच्या सुरक्षिततेपायी दुसऱ्याची गेली, आणि ती योग्य कारणाने गेली.

महामार्गावर दुसराच माग पडतो. पुण्याहून दक्षिणेला निघालेली मोटार खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलनाके ओलांडत जाते. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सर्वत्र सक्तीचा झाला. काचेवरच्या त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते; नाक्यावरच्या यंत्राच्या लहरींतूनच ती क्षणभर ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक सांगते. पैसे कापल्याचा मेसेज खातेदाराला जातो. २०२० च्या सुरुवातीला पुण्यात असंच घडलं. पहाटे चोरीला गेलेल्या एका स्कॉर्पिओच्या मालकाला टोल कापल्याचे मेसेज आले, गाडी मुंबईच्या दिशेने निघाल्याचं त्यावरून कळलं आणि ती ठाण्याकडे सापडली. ज्याने फास्टॅग शोधून काढला त्याच्या मनातही हा उपयोग नसावा. बातमी गाजली आणि चोरांनीही वाचली असणार; काचेवरची पट्टी खरवडायला अर्धा मिनिट पुरतो. दुचाकीला तर टोलच नाही, म्हणजे फास्टॅगही नाही. आनेवाडीच्या नाक्याशेजारच्या मोकळ्या पट्ट्यातून चोरीची मोटरसायकल सुखेनैव निघून जाते. मागे राहतो तो फक्त कॅमेरा.

कॅमेरा नंबर वाचतो, म्हणजे चोराने लावलेला नंबर वाचतो. कधी कधी गंमत होते: चोर मूळ नंबर न बदलताच गाडी फिरवतो, सिग्नल तोडतो आणि ई-चलनाचा मेसेज फोटोसकट मूळ मालकाच्या मोबाईलवर येऊन पडतो. चोरीला गेलेल्या दुचाकीचा ठावठिकाणा असा दंडाच्या पावतीवरून लागल्याचे प्रकार महाराष्ट्रात घडलेले आहेत. अर्थात मालकाचा मोबाईल नंबर वाहन पोर्टलवर बरोबर असेल तरच. कितीतरी गाड्यांच्या नोंदीत अजून एजंटाचाच नंबर असतो. तो बदलून घ्यायला ट्रॅकरइतके पैसे पडत नाहीत, आणि या साऱ्या तुलनेतला सर्वांत स्वस्त उपाय कदाचित तोच असेल.

नंबरप्लेटचाच विषय निघाला म्हणून हाय सिक्युरिटी प्लेटबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली या योजनेला हिरवा कंदील दाखवला, नव्या गाड्यांना ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ हे वर्षभर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी ४५० रुपये अधिक कर, या दरावरूनही भरपूर ओरड झाली. या प्लेटमध्ये चिप आहे आणि सरकारला गाडी कुठे आहे ते दिसतं, असं पारावर ठामपणे सांगितलं जातं. तसं काही नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा, अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप, एवढाच तिचा कारभार. ती माग दाखवत नाही. खोटी प्लेट लावणं अवघड करते. सगळ्या गाड्यांना ती बसली तरच साधी प्लेट नजरेत भरेल. तोवर चोराला आडोसा आहेच.

गाडी सापडल्यावर ती कुणाची हे ठरवायला शेवटी लोखंडावरचा आकडाच कामी येतो. भारतात बनलेल्या गाडीचा १७ अक्षरांचा चॅसी नंबर ‘एम’ने सुरू होतो, मोटरसायकलवर तो हँडलच्या मानेपाशी ठोकलेला असतो. चोर तो कानशीने घासतो. पण ठोकताना आकड्याखालचं पोलाद खोलवर दबलेलं असतं, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत घासलेल्या जागेवर ठरावीक आम्ल फिरवलं की दबलेला भाग वेगळ्या गतीने झिजून आकडा पुन्हा उमटतो. ही जुनी युक्ती आजही अडून बसलेली प्रकरणं सोडवते. दक्षिण आफ्रिकेने सप्टेंबर २०१२ पासून नव्या गाड्यांवर हजारो सूक्ष्म ठिपके फवारणं सक्तीचं केलं; प्रत्येक ठिपक्यावर गाडीचा क्रमांक, सुट्या भागावरही. भारतात त्याचा मसुदा २०१९ मध्ये निघाला होता. जिथे गाडी अख्खी न विकता तुकड्यांनी विकली जाते, तिथे हे तंत्र ट्रॅकरपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आणि सापडूनही न मिळालेल्या गाड्या? कोणत्याही पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या दुचाक्यांचा ढीग दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलं, की पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वाहन परत करा. ठाण्यात सडवू नका. नव्या संहितेने फोटो-व्हिडिओ काढून मुद्देमालाची विल्हेवाट लावायला कालमर्यादा घातली. तरी अडचण राहते ती मालक न सापडण्याची. मावळातली गंगामाता वाहन शोध संस्था नेमकं हेच काम करते: राज्यातल्या ठाण्यांत पडलेल्या बेवारस गाड्यांचे चॅसी आणि इंजिन नंबर उतरवून घ्यायचे आणि मूळ मालकांचा पत्ता लावायचा. हातात वही, मोबाईल आणि पत्र्यावरचा गंज खरवडायला ब्रश. चोरी झाली तेव्हा एका ठाण्यात फिर्याद, गाडी सापडली दुसऱ्याच जिल्ह्यात; दोन नोंदी जुळायला वर्षं जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ यंत्रणा याच नोंदी जुळवण्यासाठी आहे, आणि जुनी गाडी घेणाऱ्यानेही तिथे नंबर तपासून पाहावा.

तोवर मालकाकडे उरतो विमा. तपास लागला नाही की पोलीस ‘अ समरी’ देतात, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही. त्या कागदाशिवाय विमा कंपनी पुढे सरकत नाही. दोन्ही किल्ल्या मागते. कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणाने, फिर्याद वेळेत असताना, दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

चोरीच होऊ नये यासाठीचं तंत्र म्हणजे किल्लीत बसवलेली चिप, इमोबिलायझर. युरोपने १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची केली. अमेरिकेत ह्युंदाई आणि कियाने काही मॉडेलांत ती गाळली, आणि २०२१ नंतर पोरासोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने त्या गाड्या पळवण्याचा सपाटा लावला. आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटरसायकलींत आजही बहुधा नुसती दात असलेली किल्ली असते. बिनकिल्लीच्या महागड्या मोटारींचं दुखणं वेगळं: घरात ठेवलेल्या रिमोटचा सिग्नल बाहेरून लांबवून गाडी उघडतात.

राहिली ट्रॉली. गाळप हंगामात साखराळे, रेठरे, कुंडल, शेंद्रे अशा कारखान्यांच्या वाटांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. ट्रॉलीला इंजिन नाही, बॅटरी नाही, किल्ली नाही; पिन ओढून दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडली की निघाली. नंबर असला तरी चिखलाने झाकलेला. फास्टॅग, इमोबिलायझर, कनेक्टेड ॲप यांतलं काहीच तिला लागू पडत नाही. चालेल असं दोनच: स्वतःच्या बॅटरीवर महिनोन् महिने झोपणारा आणि हलल्यावरच जागा होणारा ट्रॅकर, आणि सांगाड्यावर तीन-चार जागी वेल्डिंगने ओढलेला नंबर. बाजारातल्या जाहिरातींत ट्रॉलीचं चित्र कधी दिसत नाही. म्हणून पुढची पानं उलट क्रमाने लावली आहेत: आधी ट्रॉली, मग स्प्लेंडर, मग पिकअप, आणि पडद्यावरून काचा वर-खाली करणारी कनेक्टेड मोटार सर्वांत शेवटी.